एकशे अकरा स्क्रू

आमच्या वर्गात एक नियम आहे. स्क्रू खाली पडला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. कुणी वाकायचं नाही, बाक सरकवायचा नाही. ज्याच्या हातून पडला त्याने मोठ्याने सांगायचं, "पडला." मग तो कुठे गेला ते बाकीच्यांनी नुसतं नजरेने शोधायचं. सापडला नाही तर वहीत लिहायचं: आज एक हरवला.

दर वर्षी नववीच्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर, अवकाशातली हबल दुर्बीण कशी दुरुस्त झाली हे शिकताना, आम्ही हा तास घेतो. भंगारातून आणलेले जुने रेडिओ, स्टॅबिलायझरचे डबे, एखादा मोडका मिक्सर. मुलांनी हातात आधी लोकरीचे हातमोजे घालायचे, त्यावर जाड रबरी. मग छोट्या स्क्रूड्रायव्हरने डब्याचं झाकण उघडायचं. पहिल्या पाच मिनिटांत अर्ध्या वर्गाचा धीर सुटतो. बोटांना स्क्रू लागतच नाही. ड्रायव्हर खाचेत बसला की नाही हे हाताला कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. अंतराळवीराच्या हातमोज्यांत वर हवा भरलेली असते. फुगवलेल्या फुग्यात हात घालून मूठ मिटायची, दर वेळी त्या फुग्याशी झगडायचं आणि असं सहा-सात तास करायचं, एवढं मी मुलांना सांगते आणि गप्प बसते. पुढचं त्यांचे हात सांगतात.

हा तास मी मुळात आखला नव्हता. एका प्रश्नातून तो आला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी हबल दुर्बीण शिकवायची ती चित्रांतून. पडद्यावर तेजोमेघ, वलयांच्या दीर्घिका, रंगीत धुळीचे खांब. मुलं "आई गं" म्हणायची, मलाही बरं वाटायचं. तास संपला की चित्रं संपायची. मुलांच्या वहीत उरायचं ते "हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात सोडली" एवढं वाक्य, आणि तेही परीक्षेपुरतं. त्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि ही सुट्टीच्या दिवशी तांब्याची तार मोजून द्यायला बसायची. तिने विचारलं, "बाई, ती बिघडली तर कोण नीट करतं?"

मी म्हटलं, नासाचे शास्त्रज्ञ करतात. ती खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की हे उत्तर नव्हे. तिच्या दुकानात "कोण नीट करतं" याला माणूस असतो. त्याचं नाव असतं, त्याला कुठला पाना कुठे ठेवलाय ते माहीत असतं, त्याच्या नखात वॉर्निश असतं. त्या रात्री मी वाचायला बसले, आणि पुढचे अनेक महिने वाचत राहिले. मी इतकी वर्षं दुर्बिणीने काढलेले फोटो शिकवत होते. दुर्बीण शिकवायची राहिलीच होती.

आता मी सुरुवात आरशापासून करते. हबलचा मुख्य आरसा २.४ मीटरचा. वर्गातल्या दोन बाकांची लांबी मिळवली की जवळपास तेवढा. २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून दुर्बीण वर गेली, आणि दोन महिन्यांत कळलं की तिला नीट दिसत नाहीये. ताऱ्यांचे ठिपके यायला हवे होते तिथे फिकट प्रभामंडळ येत होतं. आरसा घासताना त्याची कड जरुरीपेक्षा २.२ मायक्रॉन सपाट झाली होती. म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पन्नासावा भाग.

मुलं इथे हमखास म्हणतात, "एवढंसंच?" म्हणून मी त्यांना दुसरा आकडा देते, कारण खरी गोष्ट त्या दुसऱ्या आकड्यात आहे. आरसा कनेक्टिकटमधल्या डॅनबरी इथे पर्किन-एल्मर या कंपनीत घासला गेला. त्याचा आकार तपासायला एक खास उपकरण बनवलं होतं. त्यातलं भिंग नेमक्या अंतरावर बसवण्यासाठी एक धातूचा दांडा मापासाठी वापरला होता. दांड्याच्या टोकावर टोपी होती आणि टोपीला मध्ये भोक, म्हणजे प्रकाशकिरण भोकातून जाऊन दांड्याच्या टोकावरून परतेल. टोपीवर प्रकाश परतू नये म्हणून काळा थर दिला होता. त्या थराचा एक बारीक पोपडा निघाला. किरण दांड्याऐवजी टोपीवरूनच परतला. भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं. बसवताना जागा जुळेना तेव्हा तिथे वॉशर घालून ती जुळवून घेतली गेली.

इथे मी फळ्यावर फूटपट्टी धरते आणि १.३ मिलिमीटर दाखवते. एका कप्प्यापेक्षा किंचित जास्त. वॉशर घालून जुळवणं म्हणजे काय, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. सायकलच्या चाकापासून नळाच्या जोडणीपर्यंत सगळीकडे त्यांनी ते पाहिलेलं असतं. "बसत नव्हतं तेव्हाच थांबायला पाहिजे होतं," असं एका वर्षी एक मुलगा म्हणाला. त्याच्या घरी ट्रॅक्टरचं गॅरेज होतं.

पण मला जास्त वेळ थांबायचं असतं ते पुढच्या भागापाशी. त्याच आरशाची आणखी दोन साध्या उपकरणांनी तपासणी झाली होती, आणि त्या दोन्हींत दोष दिसला होता. पण ती उपकरणं कमी अचूक समजली जात. मुख्य उपकरणावर विश्वास होता, म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. पुढे नासाने नेमलेल्या लू ॲलन यांच्या समितीने चौकशी केली तेव्हा हे सगळं कागदांवर सापडलं. चूक दाखवणारे आकडे दहा वर्षं फायलीत होते.

हे सांगितलं की वर्ग शांत होतो. कुणी हसलं तर मी त्याला हसू देत नाही, कारण त्या माणसांना मी मूर्ख म्हणून उभं करणार नाही. ती त्या काळातली उत्तम कारागीर माणसं होती. त्यांनी घासलेला पृष्ठभाग विलक्षण गुळगुळीत होता, फक्त आकार चुकीच्या मापाबरहुकूम आला होता. आणि चूक इतकी नेमकी होती, म्हणूनच ती दुरुस्त करता आली. वेडावाकडा आरसा असता तर काहीच करता आलं नसतं. ते चुकीचं बसलेलं उपकरणही डॅनबरीत तसंच जपून ठेवलेलं होतं, त्यामुळे किती चुकलं ते मोजता आलं. थोडक्यात, दुर्बिणीच्या चष्म्याचा नंबर काढता आला. आमच्या वर्गात चष्मा असलेली पाच-सहा मुलं असतातच. त्या क्षणी ती जरा ताठ बसतात.

चष्मा बसवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. दुर्बीण तेव्हा जमिनीपासून सहाशे किलोमीटरच्या आसपास उंचीवर, ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने फिरत होती. एक फेरी ९५ मिनिटांत, म्हणजे आमच्या तीन तासिका संपायच्या आत. जेम्स क्रॉकर नावाचे अभियंते तेव्हा कामासाठी जर्मनीत होते. हॉटेलच्या न्हाणीघरात त्यांनी शॉवर पाहिला. उभ्या दांड्यावर वरखाली सरकणारा, हव्या त्या कोनात वळणारा. नाण्याएवढे आरसे अशाच घडीच्या दांड्यांवर बसवून दुर्बिणीच्या आत उघडता येतील, हे त्यांना तिथे सुचलं. त्यातून कोस्टार नावाचं, टेलिफोन बूथच्या आकाराचं उपकरण तयार झालं. ते बसवायला आत जागा हवी, म्हणून हाय स्पीड फोटोमीटर हे चालू उपकरण काढून टाकावं लागलं. ज्यांनी ते उपकरण वर्षानुवर्षं मेहनतीने बनवलं होतं त्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मी मुलांवर सोडते.

डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यान वर गेलं. दुरुस्ती करणाऱ्या चौघांपैकी स्टोरी मस्ग्रेव्ह या माणसाबद्दल मी दर वर्षी जरा जास्तच बोलते. तो शल्यचिकित्सक होता. त्याआधी अमेरिकन मरीन दलात विमानांची वायरिंग आणि उपकरणं दुरुस्त करायचा, आणि त्याही आधी शेतावर वाढलेला. अठ्ठावन्न वर्षांचा असताना तो या कामासाठी अवकाशात गेला. त्याच वर्षी सरावात, निर्वात आणि थंडगार केलेल्या खोलीत अवजारं हाताळताना त्याची बोटं गारठून त्यांना हिमदंश झाला होता. बोटांवरच सगळं काम अवलंबून असलेला माणूस तो. ती बरी झाली आणि तो गेला.

पहिल्याच दिवशी त्याने आणि जेफ्री हॉफमनने दुर्बिणीची दिशा सांगणारे जायरोस्कोप बदलले आणि तिचं दार लावायला गेले, तर दार लागेना. उन्हासावलीतल्या तापमानातल्या फरकाने पत्रे किंचित वाकले होते. एकाने वरचं टोक धरलं, दुसऱ्याने खालचं. शेवटी मालट्रकवर सामान आवळायला वापरतात तसा पट्टा लावून दोन्ही दारं ओढून जवळ आणली आणि कड्या बसवल्या. त्या मोहिमेत पाच वेळा माणसं यानाबाहेर पडली. कॅथरीन थॉर्नटनने वाकलेलं सौर पंख हातात धरून अवकाशात सोडून दिलं. त्याचं चित्रीकरण मी वर्गात दाखवते. ते पंख उन्हात आलं आणि एखाद्या मोठ्या पक्ष्यासारखं हळूहळू लांब गेलं. मुलं तो तुकडा पुन्हा पुन्हा मागतात.

१८ डिसेंबरच्या रात्री बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये लोक एका पडद्याभोवती गोळा झाले होते. पहिला तारा आला. नेमका ठिपका. मी तिथे नव्हते, आणि त्या साली मी स्वतः बाकावर बसून फूटपट्टी हरवणारी मुलगी होते. तरी हे सांगताना माझा आवाज बदलतो, असं मुलं म्हणतात.

मग पुढच्या दुरुस्त्या येतात. त्यातल्या काही मी भरभर सांगते, पण १९९७ च्या गोधड्यांपाशी थांबते. हबलच्या बाहेरून चकचकीत आवरणाचे अनेक पातळ थर आहेत. ऊन आणि थंडी यांच्या रोजच्या खेळाने ते चिरले, सोलून निघाले. फेब्रुवारी १९९७ मध्ये डिस्कव्हरीतून गेलेल्या अंतराळवीरांना हे दिसलं आणि त्यांनी यानातच होतं त्या सामानातून आवरणाचे तुकडे कापून ठिगळं तयार केली. मग बाहेर जाऊन लावली. हे ऐकल्यावर एका वर्षी एका मुलाने आजीची गोधडी वर्गात आणली. जुन्या साड्यांचे थर, मध्ये घट्ट दोरा. आम्ही ती उन्हात धरून थर मोजले आणि थरांमध्ये अडकलेली हवा ऊब कशी धरते ते बोललो. अवकाशात हवा नाही, तिथे थर प्रकाश परतवण्याचं काम करतात. हा फरक त्या मुलानेच पुढे वर्गाला समजावून सांगितला.

जायरोस्कोप हे आमच्या वर्गाचं दुसरं प्रेम. दुर्बीण कुठे वळतेय हे तिला त्यांच्यामुळे कळतं. आत एक चाक मिनिटाला १९,२०० फेऱ्या घेत फिरतं, घट्ट द्रवात तरंगणाऱ्या नळीत. त्यात वीज पोचवणाऱ्या तारा केसासारख्या बारीक. जुन्या जायरोंमध्ये द्रव आत ढकलायला साधी हवा वापरली होती. हवेतल्या ऑक्सिजनने त्या तारा हळूहळू कुरतडल्या. पुढे नायट्रोजन वापरायला लागले. ज्या मुलीने मला तो पहिला प्रश्न विचारला, तिला हे मी शाळा सुटल्यावर खास बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "तार जळायच्या आधी काळी पडते. पप्पा वासानेच सांगतात." तिने हे इतक्या सहज सांगितलं, की त्या गावच्या दुकानात आणि त्या दुर्बिणीत अंतर आहे असं मला त्या क्षणी वाटलंच नाही.

१९९९ च्या नोव्हेंबरात सहापैकी चौथा जायरो बंद पडला आणि हबल काही काळ झोपूनच होती. डिसेंबरात डिस्कव्हरीतून गेलेल्या लोकांनी सहाही बदलले. हा भाग पहिल्यांदा शिकवला त्या वर्षापासून वर्गाच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आम्ही एक चौकट राखून ठेवली आहे. म्हणजे खरं तर मुलांनी ठेवली आहे. त्यात लिहिलेलं असतं: "हबल, जायरो, चालू किती, राखीव किती." तास कुठलाही असो, ती चौकट पुसायची नाही. भूगोलाचे सरसुद्धा ती सोडून नकाशा काढतात.

जमिनीवरच्या माणसांबद्दल मुलांना सांगणं अवघड जातं, कारण त्यांचे फोटो कमी. पण मला तीच माणसं जास्त जवळची वाटतात. फ्रँक सेपोलिना नावाचे, नासाच्या मेरीलँडमधल्या गोडार्ड केंद्रातले अभियंते. उपग्रह असा बनवावा की भाग सुटे काढता येतील, वर जाऊन बदलता येतील, यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले. १९८४ मध्ये सोलर मॅक्स हा उपग्रह अवकाशातच दुरुस्त झाला, तेव्हा त्यांचं म्हणणं खरं ठरलं. हबलला कड्या, दांडे, दारं मुळातच दिली गेली ती अशा लोकांमुळे. तिला हात लावता येईल अशी ती घडवली होती. २०१८ च्या ऑक्टोबरात आणखी एक जायरो गेला आणि राखीव सुरू केला, तर तो भलताच वेग सांगायला लागला. वर जायला आता कुणी नव्हतं. मेरीलँडमध्ये बसलेल्या लोकांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. मग दुर्बिणीला उलटसुलट दिशांना वळवून आत काही अडकलं असेल तर ते सुटतंय का पाहिलं. तीन आठवड्यांत ती पुन्हा कामाला लागली. आमच्या मुलांना ही दुरुस्ती लगेच पटते. अडकलेला पंखा काठीने ढोसून सुरू करणं त्यांच्या घरी रोजचं आहे.

२०२१ च्या जूनमध्ये उपकरणांचा संगणक बंद पडला तेव्हा महिनाभर शोध चालला. तो सांभाळलेली निवृत्त माणसं मदतीला परत आली, दशकांपूर्वीची कागदपत्रं उघडली गेली, आणि जुलैच्या मध्यात राखीव यंत्रणेवर काम सुरू झालं. ज्यांनी कधीकाळी ते हाताने जोडलं त्यांना ते अजून आठवत होतं, यावर मी मुलांना पाच मिनिटं काही न बोलता विचार करायला देते.

एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना मी अजूनही सावध असते. मार्च २००२ मध्ये कोलंबिया यान हबलकडे गेलं होतं. त्या वेळी जॉन ग्रन्सफेल्डने वीजपुरवठ्याचं असं एक युनिट बदललं जे बदलायचं म्हणून बनवलंच नव्हतं. ३६ जोडण्या एकेक करून सोडवायच्या, पुन्हा लावायच्या. त्यासाठी वर गेल्यापासून पहिल्यांदाच हबल पूर्ण बंद केली होती. कोलंबियाचं हे शेवटचं सुखरूप उड्डाण. पुढच्या उड्डाणात, १ फेब्रुवारी २००३ रोजी, परतताना ते यान फुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. कल्पना चावलांचं नाव आमच्या मुलांना माहीत असतं. आमच्या प्रयोगशाळेत त्यांचा फोटो आहे. तो फोटो आणि हबल एकाच कहाणीत आहेत, हे मात्र मला स्वतःलाच किती उशिरा कळलं.

त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये नासाने हबलची पुढची दुरुस्ती रद्द केली. धोका फार मोठा होता. अवकाश स्थानकाकडे गेलेल्या यानाला बिघाड झाला तर तिथे थांबता येतं. हबलची कक्षा वेगळी, तिथून स्थानकापर्यंत जाता येत नाही. लोकांनी पत्रं लिहिली, शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये निर्णय बदलला. "एका यंत्रासाठी माणसांनी जीव धोक्यात घालावा का?" हे मी वर्गाला विचारते आणि उत्तर देत नाही. खरं सांगायचं तर माझं उत्तर दर वर्षी बदलतं. या शेवटच्या दुरुस्तीसाठी वर गेलेल्या सातही जणांनी ते विचारपूर्वक स्वतः ठरवलं होतं, एवढंच मी नक्की सांगते. आणि ते निघाले तेव्हा शेजारच्या तळावर दुसरं यान, एंडेव्हर, त्यांना आणायला जाता यावं म्हणून तयार उभं होतं.

मे २००९. अटलांटिस. आमच्या एकशे अकरा स्क्रूंची ही गोष्ट.

हबलवर एसटीआयएस नावाचा वर्णपटलेखक आहे, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून नोंदवणारं उपकरण. त्याचा वीजपुरवठा २००४ मध्ये बंद पडला होता. आतलं एक सर्किट बोर्ड बदललं की काम होणार होतं. पण हे उपकरण उघडायचं असं कुणी ठरवलंच नव्हतं. बिघडलं तर अख्खं बाहेर काढायचं अशी मूळ कल्पना. त्यामुळे झाकणाला १११ बारीक स्क्रू. त्यातला एकही निसटला तर तो दुर्बिणीच्या आत तरंगत कुठेही जाईल. म्हणून गोडार्डमधल्या लोकांनी एक पारदर्शक पाटी बनवली. ती झाकणावर बसवायची. तिला प्रत्येक स्क्रूसमोर भोक, ड्रायव्हरचं टोक जाईल एवढं पण स्क्रू बाहेर येणार नाही एवढं. स्क्रू सुटून पाटीमागे अडकून राहतात. आमची मुलं ही पाटी डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणापासून करतात. भोकं तापलेल्या खिळ्याने. कुणाची मोठी होतात, कुणाची एका बाजूला. पहिल्या वर्षी एकाही गटाची पाटी बसली नव्हती. तिसऱ्या वर्षी एका गटाने आधी कागदावर स्क्रूंचा ठसा घेतला आणि मग भोकं पाडली. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

माइक मॅसिमिनो ही पाटी घेऊन गेला. पण पाटी बसवायच्या आधी एक धरायचा दांडा काढायचा होता, चार स्क्रूंचा. तीन निघाले. चौथ्याची खाच झिजून गोल झाली, ड्रायव्हर नुसता फिरायला लागला. वर्षानुवर्षांचा सराव, आणि अडलं ते सगळ्यांत सोप्या स्क्रूपाशी. खाली मेरीलँडमध्ये लोकांनी तसाच दांडा घेऊन किती जोर लावला तर तो तुटतो ते मोजलं. सुमारे २७ किलोचा ओढा. मॅसिमिनोने तुकडे उडू नयेत म्हणून टेप लावली आणि दांडा ओढून तोडला. मग पाटी, मग १११ स्क्रू, मग बोर्ड. तो दिवस आठ तासांच्या वर चालला. दुर्बीण बरी झाली.

मुलांना तो ओढा किती असतो ते कळावं म्हणून आम्ही बाजारातला लटकवायचा काटा वापरतो. बाकाला दोरी बांधून २७ पर्यंत ओढायचं. ओढायला अवघड नाही. पण हात न थरथरता, शेजारी ठेवलेला काचेचा ग्लास न हलवता ओढा म्हटलं, की चेहरे बदलतात.

मी याआधी एका शाळेत शिकवायचे. तिथे सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात असायचा. मुलांनी हात लावला तर मोडेल म्हणून. मी तिथे होते तोवर तो मोडला नाही आणि त्यातून कुणी काही पाहिलंही नाही. तेव्हा मी काही बोलले नाही, त्याचं वाईट वाटतं. आता माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली दहावीच्या दोन मुलींकडे असते. भिंग कसं पुसायचं, गियरला कुठलं तेल लावायचं, कुठला स्क्रू किती आवळायचा हे त्या खालच्या वर्गांना शिकवतात.

जेम्स वेब ही नवी अवकाश दुर्बीण आली तेव्हा मुलांनी अर्थातच विचारलं, हिला कोण नीट करणार? २५ डिसेंबर २०२१ रोजी ती निघाली, सुमारे १५ लाख किलोमीटर दूर. तिथे जायला माणसाकडे आज यान नाही. तिचा आरसा १८ तुकड्यांचा, तंबूसारखी पाच थरांची सावली, सगळं घडी घालून पाठवलेलं. जे काही तपासायचं, वंगण द्यायचं, पुन्हा तपासायचं, ते सगळं आधीच जमिनीवर. आपला ॲस्ट्रोसॅट, म्हणजे भारताचा दुर्बिणी घेऊन गेलेला उपग्रह, तसाच. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने तो वर नेला, ६५० किलोमीटरवर. त्याच्या घडणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा हात. २०१८ मध्ये त्याच्या अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी बंद पडली. दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नव्हतं, मग उरलेल्या वाहिन्यांवर निरीक्षणं चालू ठेवली गेली. पुण्यात, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, ॲस्ट्रोसॅटकडून आलेले आकडे तपासत लोक बसतात, हे ऐकल्यावर एका मुलाने विचारलं होतं, "ते मराठी बोलतात का?" काही जण नक्की बोलतात, असं मी म्हटलं. तो खूश झाला.

आणि आमच्या तर शेजारीच खोडद आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यातल्या काही शाळेच्या रस्त्यावरून दिसतात. त्या जमिनीवरच्या, रेडिओ लहरींच्या, पण मुलांना मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती. विज्ञानदिनाला आम्ही जातो. एका वर्षी आमच्यातल्या एका मुलाचे वडील तिथे रंगकामाच्या ठेक्यावर होते. ते आमच्याबरोबर चालले. लोखंडाला गंज आधी कुठे धरतो, पाणी कुठे साचतं, सांध्यावर रंगाचा हात कसा फिरवायचा, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. वारा वाढला की डिशची तोंडं आकाशाकडे करून त्या कशा थांबवतात, तेही. मुलं जेवढी शांतपणे त्यांचं ऐकत होती तेवढं माझं कधी ऐकत नाहीत. त्यांचा मुलगा सगळ्यांत पुढे, वडिलांच्या पाठीमागे एक पाऊल.

हबलची कक्षा विषुववृत्ताला फक्त साडेअठ्ठावीस अंश कललेली आहे. त्यामुळे बाल्टिमोरहून, जिथून तिच्या निरीक्षणांचं वेळापत्रक ठरतं, ती दक्षिणेला बरीच खाली दिसते. आपल्या डोक्यावरून मात्र ती जाते. योग्य दिवस आला की संध्याकाळी आम्ही शाळेच्या मैदानावर जमतो. पालकही येतात, रिवाइंडिंगवाले काकाही एकदा आले होते, दुकान लवकर बंद करून. पश्चिमेकडून एक ठिपका उगवतो, न लुकलुकता पुढे सरकतो आणि सावलीत शिरला की विझतो. तीन-चार मिनिटं. काका बराच वेळ मान वर करूनच उभे होते. मग म्हणाले, "अजून चालू आहे म्हणजे."

२०२४ च्या जूनमध्ये बातमी आली. तीन जायरोंपैकी एक पुन्हा पुन्हा चुकीचं सांगत होता, म्हणून यापुढे हबल एकाच जायरोवर चालवायची. ती एकावरही चालेल, अशी सोय लोकांनी फार आधी विचार करून ठेवली होती. काम थोडं हळू होईल, आकाशाचा काही भाग त्या त्या वेळी पाहता येणार नाही, पण चालेल. एका खासगी मोहिमेने वर जाऊन तिला उंच कक्षेत नेण्याचा प्रस्ताव दिला होता, त्याला नासाने तूर्त नको म्हटलं. शाळा नुकतीच सुरू झाली होती, नव्या नववीला अजून हातमोज्यांचा तास माहीत नव्हता. मी फळ्यापाशी गेले, कोपऱ्यातल्या चौकटीतला ३ पुसला आणि १ लिहिला. त्याखालचं "राखीव" पुसायला डस्टर उचललं.

"बाई, थांबा." दारात दहावीतला एक मुलगा उभा होता, मागच्या वर्षीचा. हजेरीपट द्यायला आला होता. "एक चालू आहे. आणि एक चांगला बंद करून ठेवलाय ना? तो राखीव आहे. तो नका पुसू."

मी डस्टर खाली ठेवलं. तो आत आला, खडू घेतला आणि राखीवच्या पुढे १ लिहिला.